बिल द्यायचे आहे, म्हणून कंपनी काढावी का?

वाचकाचे पत्र : मी कुपवाडला राहतो आणि इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. चाकणच्या एका कारखान्यात ११ वर्षे नोकरी केल्यावर वडिलांच्या आजारपणामुळे २ वर्षांपूर्वी गावी परतलो. आता पुणे आणि कोल्हापूरच्या ऑटोमेशन फर्मसाठी साखर कारखान्यांच्या साइटवर पीएलसी (यंत्रे आपोआप चालवणारा औद्योगिक संगणक) प्रोग्रामिंग आणि कमिशनिंग (यंत्रणा तपासून चालू करून देणे) करतो. एकेक काम २ ते ४ महिन्यांचे असते आणि वर्षाला साधारण १५ लाख रुपये मिळतात. आजवर पैसे माझ्या बचत खात्यात जमा होत होते. यंदा पुण्याच्या एका मोठ्या फर्मने “व्यक्तीला पैसे देता येत नाहीत, कंपनी काढा आणि जीएसटीचे बिल द्या” असे सांगितले आहे. एक एजंट प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे पॅकेज देतो आहे आणि दुसरे संचालक म्हणून पत्नीचे नाव घाला असे म्हणतो. ती अनुदानित शाळेत शिक्षिका आहे. शिवाय मागच्या हंगामातील एका कामाचे १ लाख ८० हजार रुपये अजून अडकले आहेत. कंपनी असती तर ते मिळाले असते का? मी काय करावे?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचल्यावर आधी एवढेच सांगावेसे वाटते की एजंटला पैसे देऊ नका आणि पत्नीची कागदपत्रे त्याच्या हाती सोपवू नका. तुमचे काम आज ज्या स्वरूपाचे आहे त्याला कंपनीची गरज नाही. तुम्हाला गरज आहे ती व्यवस्थित बिलाची, व्यवसायाच्या नावाच्या चालू खात्याची आणि काम सुरू होण्याआधी हातात पडलेल्या स्पष्ट वर्क ऑर्डरची. अडकलेले पैसेही कंपनी नसल्यामुळे अडकलेले नाहीत. त्याविषयी शेवटी लिहितो.

आपल्याकडे पाटी लावलेल्या कोणत्याही धंद्याला लोक सर्रास “कंपनी” म्हणतात. फर्मच्या खरेदी विभागातला माणूस फोनवर “कंपनी काढा” म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कंपनी कायद्याखाली नोंदलेली कंपनी असतेच असे नाही. पुष्कळदा त्याच्या संगणकावर नवा पुरवठादार नोंदवण्याचा एक तक्ता असतो आणि त्यात पॅन, जीएसटी क्रमांक, लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचे “उद्यम” प्रमाणपत्र आणि रद्द केलेला धनादेश एवढे रकाने भरायचे असतात. म्हणून फोनवरच्या शब्दावर विसंबू नका. त्यांच्या खरेदी आणि लेखा या दोन्ही विभागांना ई-मेल लिहा आणि तीन गोष्टी विचारा : एकल मालकीचा (एकाच व्यक्तीचा, कंपनी म्हणून न नोंदलेला) व्यवसाय पुरवठादार म्हणून तुम्हाला चालतो का, जीएसटी नोंदणी सक्तीची आहे का, आणि माझ्या बिलातून टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरला जाणारा आयकर) किती टक्के कापला जाईल. उत्तरही ई-मेलनेच मागा. माझ्या अनुभवात दहांपैकी आठ वेळा पहिल्या प्रश्नाला “चालते” असेच उत्तर येते, आणि कंपनी नोंदवून बसलेल्या माणसाला ते फार उशिरा कळते.

एकल मालकीच्या व्यवसायासाठी कंपनी निबंधकाकडे जावे लागत नाही. तुमचा पॅन हाच व्यवसायाचा पॅन असतो. एखादे साधे नाव घ्या. फक्त त्यात “लिमिटेड”, “प्रायव्हेट लिमिटेड” किंवा “एलएलपी” (मर्यादित दायित्वाची भागीदारी) हे शब्द येऊ देऊ नका, कारण तशी नोंदणी नसताना ते वापरणे हा गुन्हा आहे. केंद्र सरकारच्या उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅनच्या आधारे नोंदणी करा. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि पूर्णपणे विनामूल्य आहे, तेव्हा तिच्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर तो सरकारी शुल्क सांगून स्वतःची मजुरी घेतो आहे हे ओळखा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार, ज्याला आपण अजून “शॉप ॲक्ट”च म्हणतो, एकट्याने काम करणाऱ्याला परवाना घ्यावा लागत नाही. ऑनलाइन सूचना दिली की तिची पावती मिळते. उद्यम प्रमाणपत्र आणि ही पावती घेऊन गेलात की बँक व्यवसायाच्या नावाने चालू खाते उघडून देते. व्यवसाय कराची नावनोंदणीही करून टाका. त्याचे वर्षाला २,५०० रुपये भरायचे असतात, आणि तो राहून गेला की पुढे व्याजासह वसूल होतो. या खात्यात फक्त बिलांचे पैसे येऊ द्या. घरी शेती किंवा बाग असेल तर द्राक्षाचे, बेदाण्याचे पैसे वेगळ्या खात्यात राहू द्या, कारण दोन्हींची सरमिसळ झाली की कोणता पैसा करमुक्त शेतीचा आणि कोणता व्यवसायाचा हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर पडतो.

आता जीएसटी. या विषयावर थोडे थांबून लिहितो, कारण तुमच्यासारख्यांची खरी ओढाताण इथे होते. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची होते. तुमचे १५ लाख त्याच्या आत आहेत. आपल्या भागातील इंजिनिअरांना कर्नाटकातल्या अथणी, चिकोडीकडच्या कारखान्यांची कामेही मिळतात आणि परराज्यात काम केले की लगेच नोंदणी लागते असा समज पसरलेला आहे. सेवांच्या बाबतीत तो चुकीचा आहे, कारण २०१७ च्या ऑक्टोबरपासून परराज्यात सेवा देणाऱ्यालाही २० लाखांपर्यंत सूट आहे. म्हणजे कायद्याने तुम्ही आज बांधील नाही. फर्मचेही यात नुकसान नाही : तुम्ही नोंदणीकृत असाल तर तुम्ही लावलेल्या १८ टक्के कराची वजावट तिला मिळते, आणि नसाल तर बिलावर करच नसतो. हे त्यांना समजावून पाहा. तरीही त्यांची व्यवस्था क्रमांकाशिवाय बिल घेत नसेल तर स्वेच्छेने नोंदणी करता येते, आणि एकल मालकीलाही ती मिळते. जीएसटीसाठी कंपनी लागते हे म्हणणे निराधार आहे. नोंदणी मिळेपर्यंत मात्र बिलावर जीएसटी लावू नका. नोंदणी नसताना कर गोळा करण्यास कायद्याने मनाई आहे.

नोंदणी घेतल्यावर काय बदलते ते एका बिलावरून पाहा. समजा, ३ लाख रुपयांचे काम झाले. बिल होईल ३,५४,००० रुपयांचे. फर्म पुण्याची असेल तर ५४,००० रुपयांचे केंद्र आणि राज्य असे दोन समान भाग दाखवायचे, आणि ती कर्नाटकातली असेल तर पूर्ण रक्कम एकात्मिक कर म्हणून दाखवायची. टीडीएस मूळ ३ लाखांवरच कापला जातो, कराच्या रकमेवर नाही. तो १० टक्के धरला तर ३०,००० कापून तुमच्या खात्यात ३,२४,००० येतील. त्यातले ५४,००० तुमचे नाहीत. हाताशी राहिले २,७०,०००, आणि कापलेले ३०,००० आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनसमोर जमा दिसतील. यातली खरी अडचण पुढे आहे. सेवेच्या बाबतीत कर भरण्याची जबाबदारी बिलाच्या तारखेला उभी राहते, पैसे मिळण्याच्या तारखेला नाही. फर्मने ३ महिने पैसे दिले नाहीत तरी ५४,००० रुपये तुम्हाला पुढच्या महिन्यातच स्वतःच्या खिशातून भरावे लागतात, आणि उशीर झाला तर वर्षाला १८ टक्के दराने व्याज लागते. लहान व्यावसायिकाला विवरणपत्र तिमाही भरण्याची सवलत आहे. कर मात्र त्यातही दर महिन्याला भरायचा असतो. एकही बिल नसलेल्या काळातही विवरणपत्र चुकवता येत नाही, आणि तुमच्या कामात हंगामाचे महिने असे रिकामेच जाणार आहेत. म्हणून नोंदणी घेणार असाल तर वर्क ऑर्डरमध्ये एक ओळ आवर्जून घालून घ्या, की जीएसटीची रक्कम बिल मिळाल्यापासून ७ दिवसांत द्यावी आणि कामाची रक्कम ठरलेल्या मुदतीत द्यावी. तुम्ही तुमचे विवरणपत्र भरल्याशिवाय त्यांना वजावट मिळत नसल्यामुळे ही अट बऱ्याच फर्म मान्य करतात.

आयकराच्या दृष्टीने तर तुमच्यासारख्या अभियंत्याला एकल मालकीत जी सोय आहे ती कंपनीला मिळतच नाही. अभियांत्रिकी आणि तांत्रिक सल्ला या व्यवसायांत वर्षाची एकूण जमा ५० लाखांपर्यंत, आणि रोखीचे प्रमाण ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ७५ लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवून विवरणपत्र भरता येते. सीए मंडळी याला जुन्या कायद्यातल्या कलमावरून अजून “४४ एडीए” म्हणतात. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, सोय मात्र तीच आहे. १५ लाखांच्या जमेवर साडेसात लाख उत्पन्न धरले जाईल, आणि नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होत असल्याने, दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर कापला गेलेला टीडीएस तुम्हाला परत मिळेल. कंपनीच्या नफ्यावर मात्र पहिल्या रुपयापासून कर आहे. कमी दराचा पर्याय निवडला तरी अधिभार आणि उपकरासह तो २५ टक्क्यांच्या थोडा वर जातो. संचालक म्हणून पगार घेऊन नफा कमी करता येतो हे खरे, पण मग दर महिन्याचा पगार, त्यावरचा टीडीएस आणि त्याची विवरणपत्रे हा नवा व्याप मागे लागतो.

एजंट ज्याला “पॅकेज” म्हणतो त्यात कंपनीची फक्त नोंदणी असते. प्रायव्हेट लिमिटेडला किमान २ भागधारक आणि २ संचालक लागतात, भांडवलाची किमान अट २०१५ नंतर उरलेली नाही, आणि सगळे अर्ज ऑनलाइन होत असल्यामुळे नोंदणी खरोखरच लवकर होते. त्यानंतरचे कोणी सांगत नाही. भांडवल जमा करून १८० दिवसांत व्यवसाय सुरू केल्याची घोषणा दाखल करावी लागते. ३० दिवसांत लेखापरीक्षक नेमावा लागतो, आणि वर्षभरात एक रुपयाचेही बिल केले नाही तरी लेखापरीक्षण चुकत नाही. दरवर्षी ताळेबंद आणि वार्षिक विवरण असे दोन फॉर्म निबंधकाकडे जातात. त्यांतल्या प्रत्येकाला उशिराबद्दल दिवसाला १०० रुपये जादा शुल्क आहे आणि त्याला कमाल मर्यादा नाही, म्हणजे दोन्ही फॉर्म एक वर्ष रखडले तर केवळ उशिराचे ७३,००० रुपये होतात. सलग ३ वर्षे ते भरले नाहीत तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतात. कंपनी बंद करायची म्हटले तर अर्जाचे शासकीय शुल्कच १०,००० रुपये आहे आणि त्याआधी थकलेली विवरणपत्रे पूर्ण करावी लागतात. एका कामापुरती कंपनी काढून ती तशीच सोडून दिलेले आणि ४ वर्षांनी नोटीस हातात घेऊन आलेले तरुण मी या जिल्ह्यात पाहिले आहेत. त्यांतल्या कोणीही लबाडी केलेली नव्हती. काम संपले म्हणजे कंपनीही संपली, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटले होते.

आणि तुमच्या पत्नीचा प्रश्न तर याहून नाजूक आहे. “नुसते नाव घाला” असे कायद्यात काही नसते. संचालक झालेली व्यक्ती सह्यांना, विलंबाला आणि दंडाला तुमच्याइतकीच जबाबदार असते. त्यात त्या अनुदानित शाळेत आहेत. अशा नोकरीत दुसरा व्यवसाय करण्यावर सेवाशर्तींची बंधने असतात, त्यामुळे संस्थेकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय त्यांचे नाव कोणत्याही फॉर्मवर जाऊ देऊ नका. पुण्याच्या फर्मने अगदी लेखी कळवले की आम्हाला नोंदणीकृत कंपनीच हवी, तर एकाच सभासदाच्या कंपनीचा पर्याय आहे. तिच्यात तुमच्या पश्चात जागा घेणारी एक नामनिर्देशित व्यक्ती लागते, दुसरा संचालक लागत नाही. लेखापरीक्षण आणि विवरणपत्रांचा भार मात्र तिलाही आहे, म्हणून त्याचा वर्षाचा खर्च सीएंकडून लेखी घ्या आणि तो तुमच्या दरात मिळवून मगच फर्मला आकडा सांगा. एलएलपीला दुसरा भागीदार लागतो, आणि तुमच्याकडे तो नाही.

कंपनी कधीच काढू नये असे मी म्हणत नाही. तुमच्या हाताखाली चारदोन माणसे साइटवर जाऊ लागली, पॅनेल स्वतः बनवून पुरवू लागलात, एखादा मित्र भांडवल घालून बरोबरीने आला किंवा एका कामाची किंमत तुमच्या घरादाराच्या किमतीला भिडू लागली, तर व्यवसायाचे देणे घरापर्यंत पोचू नये म्हणून मर्यादित जबाबदारीची कंपनी जरूर काढावी. पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममुळे बॉयलरवर काही अनर्थ घडला तर तुमच्या स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी कंपनीमुळे पूर्णपणे टळत नाही. त्यासाठी व्यावसायिक दायित्वाचा विमा घ्या आणि आपली भरपाईची जबाबदारी कामाच्या किमतीपुरती मर्यादित राहील असे कलम करारात घालून घ्या. स्वतःचा अपघात विमाही घ्या, कारण नोकरीत असताना जे संरक्षण होते ते आता कोणी देणार नाही.

आता ज्या कागदावर तुमचा हंगाम अवलंबून आहे त्या वर्क ऑर्डरकडे येऊ. साखर कारखान्याच्या कामात शेवटचा हप्ता बहुधा “यशस्वी चाचणीनंतर” असा लिहिलेला असतो, आणि ती चाचणी तुमच्या हातात नसते. दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, पण प्रत्यक्ष मोळी गव्हाणीत कधी पडेल हे सरकारच्या गाळप परवान्यावर, उसाच्या दरावरून चाललेल्या आंदोलनावर आणि लांबलेल्या पावसावर ठरते. तुमचा प्रोग्राम ऑगस्टमध्येच तयार असतो आणि पैसे मात्र डिसेंबरपर्यंत लटकतात. म्हणून हप्ते तुमच्या हातातल्या टप्प्यांशी जोडा : प्रोग्राम तपासून दिल्यावर, पॅनेलला वीज देऊन सिग्नल तपासल्यावर, पाण्यावरची चाचणी झाल्यावर. शेवटच्या हप्त्यापुढे “गाळप सुरू झाल्यावर किंवा १५ नोव्हेंबरला, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा” असे शब्द लिहून घ्या. साइटवर राहण्याजेवणाचा आणि प्रवासाचा खर्च कोणाचा, कारखान्याच्या चुकीने काम थांबले तर रिकाम्या दिवसांचा दर काय, आणि हंगाम सुरू झाल्यावर रात्री-अपरात्री येणाऱ्या फोनची सेवा किती दिवस फुकट, हेही त्यातच यावे. शेवटच्या मुद्द्यावर मी विशेष भर देतो, कारण चांगल्या इंजिनिअरची सर्वांत जास्त न मोजलेली मेहनत तिथेच जाते. टीडीएसचा दरही आधी ठरवा. एकाच प्रकारच्या कामाला कोणी तांत्रिक सेवा म्हणून २ टक्के कापतो, तर कोणी व्यावसायिक सेवा म्हणून १० टक्के.

उद्यम नोंदणी काम स्वीकारण्याआधीच करा असे मी सांगतो आहे, त्याला कारण आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे खरेदीदाराने लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत आणि जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. ते न दिल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागते आणि याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याशिवाय मुदतीत न दिलेली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही थकलेली रक्कम खरेदीदाराला आयकरात त्या वर्षाचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि या तरतुदीमुळे मार्चमध्ये लेखा विभागच तुमचे बिल शोधू लागतो. बिलाच्या डोक्यावर उद्यम क्रमांक ठळक छापा. नंतर केलेली नोंदणी मागच्या बिलाला उपयोगी पडेल असे मात्र धरून चालू नका.

राहिले तुमचे १ लाख ८० हजार. तुम्ही त्या फर्मला आजवर बिलच दिले नसावे असे पत्रावरून वाटते. व्यक्तीने स्वतःच्या नावाने, पॅन आणि पत्ता घालून बिल देण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही, तेव्हा ते आता द्या. कामाचा कालावधी, साइट आणि ठरलेला दर त्यात लिहा आणि स्पीड पोस्टाने व ई-मेलने पाठवा. कामाविषयीचे व्हॉट्सॲप संदेश, प्रोग्रामच्या फाइल पाठवल्याचे ई-मेल आणि कारखान्याच्या गेटवरच्या नोंदींची छायाचित्रे आजच एका ठिकाणी जमवून ठेवा. पैसे देय झाल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा करता येतो, म्हणजे वेळ आहे, पण तो दवडण्याइतका नाही. पहिली गोष्ट मात्र आज रात्रीच करा : आयकर पोर्टलवर जाऊन त्या वर्षी तुमच्या पॅनवर जमा झालेला टीडीएस पाहा. त्या फर्मने तुमच्या नावाने कर कापून भरलेला असेल, तर तुमचे पैसे देणे आहेत हे तिने स्वतःच सरकारदरबारी नोंदवलेले आहे, आणि त्या पानाची प्रत मागणीच्या पत्राला जोडली की फोन न उचलणारी माणसे बहुधा स्वतःहून फोन करतात.